पोटात पाणी

"आणि तुमच्या आई कशानं गेल्या?" समुपदेशक बाईंनी बाबांना विचारलं.

"पोटात पाणी झालं होतं," बाबा म्हणाले.

बाईंची पेन्सिल थांबली. तोवर ती भराभर चालत होती. आडव्या धरलेल्या कागदावर आमचं अख्खं घर उतरत होतं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ. लग्न म्हणजे दोघांना जोडणारी आडवी रेघ, आणि मुलं त्या रेघेखाली लोंबणारी. गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. ज्याला कॅन्सर झाला त्याचं चिन्ह आतून काळं भरायचं. ताईचं वर्तुळ भरून झालं होतं आणि त्याच्याकडे रोखलेला एक छोटा बाणही काढला होता, कारण सगळी चौकशी तिच्यापासून सुरू झाली होती. आत्याचं वर्तुळही काळं होतं. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : स्तन, ३८, मृत्यू ४१. आजीचं वर्तुळ मात्र पांढरं होतं, त्यावर नुसती तिरकी रेघ.

"पाणी म्हणजे पोट फुगलं होतं का? तेव्हा किती वय असेल त्यांचं?"

बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी चौदा वर्षांचा होतो. ती चव्वेचाळीसची. पोट एवढं वाढलं की शेजारच्या बायकांना वाटलं, दिवस गेलेत. त्यातल्या एकीनं हसून काहीतरी विचारलं. आई काही न बोलता आत निघून गेली. मी दारातच उभा होतो."

बाबा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. साठ वर्षांत ही गोष्ट त्यांनी आम्हा तिघा भावंडांपैकी कुणाला सांगितली नव्हती. आईलाही नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. आम्हाला माहीत होतं ते एवढंच, की आजी 'पोटाच्या दुखण्यानं' गेली. बाईंनी आजीचं वर्तुळ भरलं नाही. त्याच्या बाजूला लिहिलं, 'पोटात पाणी, ४४', आणि पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं.

त्या कागदाबद्दल मला लिहायचं आहे. जनुकीय तपासणी म्हटलं की डोळ्यांसमोर रक्ताची कुपी येते, प्रयोगशाळा येते, रिपोर्ट येतो. आमच्या घरातली खरी तपासणी त्या कागदावर झाली असं मला वाटतं. आमचं बाकीच्यांचं रक्त नंतर गेलं.

ताईचं दुखणं कळायला चार महिने लागले. पोट जड वाटतं, दोन घास खाल्ले की भरल्यासारखं होतं, कपडे कमरेला घट्ट होतात, एवढ्याच तिच्या तक्रारी. आधी पित्तावरची औषधं झाली, मग पचनाची. शेवटी सोनोग्राफीत अंडाशयाशी गाठ दिसली आणि पोटात साठलेलं पाणी दिसलं. ती छेचाळीस वर्षांची होती. अंडाशयाच्या कॅन्सरचं हेच आहे. त्याची लक्षणं इतकी रोजच्यातली असतात की बहुतेक बायकांचं निदान तो पोटभर पसरल्यावर होतं, आणि स्तनासाठी जशी मॅमोग्राफी आहे तशी वेळेत पकडणारी भरवशाची चाचणी त्याच्यासाठी अजून नाही.

दुसऱ्याच भेटीत डॉक्टर म्हणाल्या, जनुकीय तपासणी करून घ्या. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. ताई आजारी आहे, तिला केमोथेरपी द्यायची आहे, आणि आता जनुकं बघून काय करायचं? त्यांनी शांतपणे दोन कारणं सांगितली. एक म्हणजे औषध. ज्यांच्या पेशींत बीआरसीए जनुक बिघडलेलं असतं, त्यांच्या गाठीतल्या पेशींकडे डीएनए दुरुस्त करायचा एक महत्त्वाचा मार्ग बंद झालेला असतो. त्यांचा दुसरा मार्गही औषधाने अडवला तर त्या मरतात, निरोगी पेशी मात्र तगतात. या तत्त्वावरचं ओलापारिब हे तोंडावाटे घ्यायचं औषध २०१४ पासून वापरात आहे. "आणि दुसरं कारण," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही."

अंडाशयाचा कॅन्सर झालेल्या बाईची ही तपासणी घरात कुणाला कॅन्सर असो वा नसो करावी, असं आता तज्ज्ञ सांगतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ताईच्या रक्ताची कुपी गेली आणि चार आठवड्यांनी उत्तर आलं : बीआरसीए-१ जनुकात रोगकारक बदल. डॉक्टरमंडळी त्याला बोलताना 'ब्राका' म्हणतात. आमच्या घरात पुढचे कित्येक महिने हा शब्द पाहुण्यासारखा वावरला.

रिपोर्ट आल्यावर सगळ्यांच्या नजरा आईकडे वळल्या. मुद्दाम कुणी वळवल्या नाहीत, पण वळल्या. "तुझ्या माहेरी कुणाला होतं का?" हा प्रश्न तिला मी विचारला, दादानं विचारला, फोनवरून नातेवाइकांनी विचारला. बायकांचा आजार, तेव्हा तो बायकांच्या बाजूनं आला असणार, हे आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो. आईनं एक जुनी वही काढली आणि बहिणी, मावश्या, मावसबहिणी, सगळ्यांना एकेक करून फोन लावले. कोण कशानं गेलं ते लिहून काढलं. पानच्या पान भरलं. हृदयविकार, मधुमेह, एक अपघात, म्हातारपण. कॅन्सर कुठेच नाही. रोज रात्री ती ती वही पुन्हा वाचायची, जणू नीट वाचलं तर कुणीतरी सापडेल.

मीही यात दोषी आहे. काही वर्षांपूर्वी एका तपासणीच्या वेळी माझ्याकडून एक फॉर्म भरून घेतला होता. त्यात विचारलं होतं, आई, बहीण किंवा मुलगी यांना स्तनाचा कॅन्सर झाला आहे का? मी 'नाही' वर खूण केली. तेव्हा ते खरंच होतं. आत्या अडतिसाव्या वर्षी आजारी पडली हे मला चांगलं आठवत होतं, पण फॉर्ममध्ये आत्याला जागाच नव्हती. फॉर्म घेणाऱ्या मुलीनं "घरात हिस्टरी नाही" असं म्हणून पुढचं पान उलटलं आणि मी निर्धास्त घरी आले.

बीआरसीए-१ हे जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे. एक्स किंवा वाय या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांशी त्याचा काही संबंध नाही. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. ज्याची एक प्रत बिघडलेली आहे त्याच्या प्रत्येक मुलाकडे ती जायची शक्यता निम्मी, मग तो बाप असो की आई, मूल मुलगा असो की मुलगी. मात्र बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या पुरुषाला स्वतःला बहुधा काहीच होत नाही. बीआरसीए-२ या तशाच दुसऱ्या जनुकात दोष असेल तर प्रोस्टेटचा आणि क्वचित पुरुषांच्या स्तनाचाही धोका लक्षणीय वाढतो, तरी असे कितीतरी पुरुष धडधाकट जगतात. म्हणजे ज्या घरात बाबांना एकच बहीण, आणि आजी लवकर गेलेली, तिथे हा वारसा बाबांच्या निरोगी देहाआड सहज लपून राहतो. बाईंनी हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेन्सिलीचं टोक आजीच्या वर्तुळावर ठेवलं, खाली बाबांच्या चौकोनावर आणलं, तिथून ताईच्या वर्तुळावर. तीन टप्पे. मधला चौकोन पूर्ण पांढरा.

घरी आल्यावर आईनं ती वही मिटली आणि कपाटावर ठेवून दिली. त्यावर ती काहीच बोलली नाही. मला तिची माफी मागायची होती. मागायला मला बरेच दिवस लागले.

कुटुंबाला हे आधी कळतं आणि शास्त्राला मागाहून. याची एक गोष्ट मला फार जवळची वाटते. १८९५ साली अमेरिकेत अल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या रोगनिदानतज्ज्ञाला त्याच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईनं सांगितलं, की मी लवकर मरणार, आणि पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरनं मरणार, कारण आमच्या घरात सगळे तसेच जातात. वॉर्थिननं ते मनावर घेतलं. तिच्या घरातल्या माणसांची नोंद करत गेला आणि १९१३ साली ती छापली. ती बाई शेवटी गर्भाशयाच्या कॅन्सरनंच गेली. पुढे हेन्री लिंच यांनी अशा कुटुंबांचा आयुष्यभर पाठपुरावा केला, आणि मोठ्या आतड्याचा व गर्भाशयाचा कॅन्सर पिढ्यान्‌पिढ्या देणाऱ्या त्या दोषाला आज लिंच सिंड्रोम म्हणतात. त्याच्याही आधी, १८६६ साली, पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरनं स्तनाच्या कॅन्सरनं पिढ्यामागून पिढ्या पोखरलेल्या एका घराण्याची नोंद छापली होती. ते घराणं त्याच्या बायकोचं होतं.

स्तनाच्या कॅन्सरमागे एखादं एकटं जनुक असू शकतं हे अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग सांगत होत्या तेव्हा बहुतेकांना ते पटत नव्हतं. १९९० साली त्यांनी ते सतराव्या गुणसूत्रावर कुठे आहे ते दाखवलं, १९९४ मध्ये जनुक हाती लागलं, पुढच्या वर्षी बीआरसीए-२. त्यांनीही सुरुवात कुटुंबांपासूनच केली होती. कुणाला झालं, कितव्या वर्षी झालं, बहिणी किती, त्यातल्या किती गेल्या. मला त्या शिवणकाम करणाऱ्या बाईचा हेवा वाटतो. तिच्या घरात निदान बोलायचे तरी. आमच्या घरात आजीचं 'पोटाचं दुखणं' होतं, आत्याचा आजार 'तिचं ते' होतं. कॅन्सर हा शब्द उच्चारला तर तो घरात येईल अशी भीती होती, आणि तो घरात होताच.

तपासणीआधीचं समुपदेशन म्हणजे काय असतं याची मला कल्पना नव्हती. मला वाटलं होतं, धीर देतील. बाईंनी तासाभरात धीर असा दिलाच नाही. त्यांनी समजावलं आणि विचारलं. समजावलं ते असं, की कॅन्सर झालेल्या दर शंभर माणसांत साधारण पाच ते दहा जणांनाच तो अशा वारशातून येतो, आणि वारशानं येतो तो आजार नव्हे, त्याचा धोका. बीआरसीए-१ चं काम डीएनएचे दोन्ही धागे तुटले की ते बिनचूक सांधणं. जन्मतः एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी ते काम सांभाळते. आयुष्यात कधीतरी एखाद्या पेशीत ती दुसरीही जाते, आणि तिथून सुरुवात होते. मुलांच्या डोळ्यांतल्या एका कॅन्सरचा अभ्यास करताना अल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये हा दोन आघातांचा हिशेब मांडला होता. एक आघात जन्मापासून झालेला असल्यानेच या घराण्यांत कॅन्सर तरुण वयात येतो. म्हणून बाई प्रत्येक नावापुढे वय विचारत होत्या.

आकडे सांगताना त्यांनी शंभर छोट्या गोळ्यांचं चित्र पुढे ठेवलं. बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या शंभर बायकांपैकी सुमारे ७२ जणींना ऐंशी वर्षांच्या वयापर्यंत स्तनाचा कॅन्सर होतो, आणि सुमारे ४४ जणींना अंडाशयाचा. एरवी अंडाशयाचा कॅन्सर शंभरात एखाद-दोघींना होतो. मी अंडाशयाच्या त्या रंगवलेल्या गोळ्या मोजत राहिले. बाई म्हणाल्या, "न रंगवलेल्याही मोजा." मी मोजल्या. छप्पन्न.

मग प्रश्न. निकाल कळेल तेव्हा सोबत कोण असेल? होकारार्थी आला तर पहिल्यांदा कुणाला सांगाल? कुणाला सांगायचं नाही असं आहे का? नकारार्थी आला तर काय वाटेल? या शेवटच्या प्रश्नाला मी लगेच म्हणाले, सुटले असं वाटेल. त्यांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "त्यावर पुन्हा बोलू." विम्याचे नियम आधी वाचून घ्या असंही सांगितलं, कारण ते जागोजागी वेगळे असतात आणि निकाल एकदा कागदावर आला की परत घेता येत नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी दोनदा समजावली. तपासणीचं उत्तर नेहमी हो किंवा नाही असंच येतं असं नाही. कधी कधी जनुकात बदल सापडतो पण तो घातक आहे की निरुपद्रवी हे अजून कुणालाच ठरवता आलेलं नसतं. अशा बदलावर शस्त्रक्रियेसारखे निर्णय घ्यायचे नाहीत. अधूनमधून विचारत राहायचं. पुरेशी माहिती जमली की त्यातले बरेचसे निरुपद्रवी ठरतात.

मी त्यांना थेट विचारलं, "माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?" त्या म्हणाल्या, "मी तुमच्या जागी नाही, आणि म्हणूनच उपयोगी पडू शकते." तेव्हा हे उत्तर मला टाळाटाळीचं वाटलं होतं. नंतर वाचलं, की 'जनुकीय समुपदेशन' हा शब्द १९४७ साली अमेरिकेत मिनेसोटामधल्या शेल्डन रीड या जनुकशास्त्रज्ञांनी रुजवला. त्याआधीच्या काही दशकांत चांगला वंश घडवायच्या नावाखाली अनेक देशांत माणसांची सक्तीनं नसबंदी झाली होती. कुणी मूल जन्माला घालावं आणि कुणी नाही, हे तज्ज्ञ ठरवत होते. त्यानंतर या क्षेत्रानं शिस्तच लावून घेतली, की माहिती पूर्ण द्यायची आणि निर्णय ज्याचा त्याच्याकडे ठेवायचा. हे समजल्यावर माझा राग गेला. पण सगळा नाही. भेदरलेल्या माणसाला कधी कधी कुणीतरी 'हे करा' म्हणायला हवं असतं, आणि ते म्हणणाऱ्यानं त्याचं ओझंही थोडं उचलायला हवं असतं.

बाबांचं रक्त आधी गेलं. ताईचा नेमका बदल माहीत होता, त्यामुळे फक्त तेवढाच शोधायचा होता. तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा त्याच खोलीत बसलो. बाईंनी निकाल सांगितला. बाबांनी चष्मा काढून हातात धरला. "म्हणजे माझ्याकडून गेलं," ते म्हणाले. त्यांनी विचारलं नाही, नुसतं म्हटलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण बाईंनी हातानेच मला थांबवलं. त्यांनी आमचा कागद पुढे ओढला, आजीच्या वर्तुळावर पेन्सिल टेकवली आणि तिथून सरळ वर रेघ ओढत नेली. कागदाच्या कडेपर्यंत. तिच्या वरती कुणाचंच नाव नव्हतं. बाबांनी चष्मा परत घातला आणि त्या रेघेकडे बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी विचारलं, "आईला हे माहीत असतं तर ती वाचली असती?" बाई म्हणाल्या, "त्या काळी नाही." खोटा दिलासा त्यांनी याही वेळी दिला नाही, आणि बाबांना तेच पटलं असावं, कारण परतीच्या वाटेवर ते पहिल्यांदाच आजीबद्दल आपणहून बोलले. ती शिवण उसवताना दोरा दातानं तोडायची, एवढंच. पण बोलले.

माझ्यात तो बदल नव्हता.

घरातला दोष नेमका माहीत असताना तो नाही असं उत्तर आलं, तरच 'नाही' म्हणजे खरं नाही. घरात कुणाचीच आधी तपासणी झालेली नसेल तर निरोगी माणसाच्या 'नाही'ला तेवढं वजन नसतं. म्हणूनच शक्य असेल तर आजार झालेल्या माणसाची तपासणी आधी करतात. माझ्या आधी ताईनं रक्त दिलं, म्हणून माझ्या उत्तराला अर्थ आला. माझा धोका आता कुठल्याही बाईइतका. माझ्या मुलीला तो माझ्याकडून येणंच शक्य नाही, कारण हा दोष मधली पिढी वगळून पुढे जात नाही. 'एक पिढी सोडून येतं' असं जे म्हणतात ते चूक आहे. मधली पिढी बाबांसारखी निरोगी राहते एवढंच.

सुटले असं मला वाटलं नाही. ताईला केमोथेरपीची चौथी फेरी चालू होती. मी तिच्याजवळ बसले आणि सांगितलं. ती "बरं झालं गं" म्हणाली, अगदी मनापासून, आणि माझा हात हातात घेतला. सुईमुळे तिच्या हाताची पाठ काळीनिळी झाली होती. मग लगेच तिनं विचारलं, "माझ्या मुलांचं केव्हा बघायचं?" तिचा मुलगा सतरा वर्षांचा आहे, मुलगी वीस. मोठेपणी होणाऱ्या अशा आजारासाठी अल्पवयीन मुलांची तपासणी करत नाहीत. मोठं झाल्यावर त्यांचं त्यांनी ठरवायचं असतं. मुलीलाही घाई नव्हती, कारण दोष असलेल्या बाईची एमआरआयनं स्तनांची तपासणी साधारण पंचविशीपासून सुरू होते. हे सगळं मी ताईला सांगितलं. ती ऐकत होती, पण तिचं बोट माझ्या तळहातावर सारखं काहीतरी गिरवत होतं. वर्तुळ की चौकोन, ते मला कळलं नाही. बाई 'त्यावर पुन्हा बोलू' का म्हणाल्या होत्या ते मला त्या खुर्चीवर बसल्यावर समजलं. त्यांच्याकडे मी परत गेले, आणि एवढंच विचारायला गेले, की मी आता काय करू. या वेळी मात्र त्यांनी सरळ सांगितलं : "तुमच्या आतेभावंडांना कळवा."

आत्या गेल्यावर तिच्या घरचं आणि आमचं येणंजाणं तुटल्यातच जमा होतं. तिला दोन मुलगे आणि एक मुलगी. बाईंनी नातेवाइकांसाठी एक पत्र दिलं. त्यात ताईचं नाव नव्हतं. जनुकाचं नाव होतं, बदलाचा नेमका क्रमांक होता आणि हे पत्र घेऊन कुठल्याही जनुकीय समुपदेशकाकडे जाता येईल असं लिहिलं होतं. त्या पत्राचं महत्त्व मी प्रत्येकाला सांगेन. तोंडी निरोपात 'कॅन्सरचं काहीतरी जनुक' एवढंच पोचतं, आणि तेवढ्यावर प्रयोगशाळेला नेमकं काय शोधायचं ते कळत नाही.

आतेबहिणीला फोन लावायला मी तीन दिवस घेतले. ती एकोणचाळीस वर्षांची. मी पाठ केलेली वाक्यं दुसऱ्याच मिनिटाला विसरले. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मी अडतिसावं संपायची वाट बघत होते. आई अडतीसची होती ना. गेल्या वाढदिवसाला मी खूप रडले. कुणाला कारण सांगितलं नाही." इतकी वर्षं ती एकटी हे वय मोजत होती, आणि आम्ही फोनच्या दुसऱ्या टोकाला होतो.

२०१३ च्या मे महिन्यात अँजेलिना जोली या अभिनेत्रीनं धोका टाळायला स्तन काढून घेतल्याबद्दल जाहीर लिहिलं, तेव्हा हे जनुक घरोघरी माहीत झालं. आतेबहीण म्हणाली, तेव्हाच तिनं घरच्या डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनी एकाच माणसाला झालंय, काळजी करू नका, असं सांगून पाठवलं. त्यांच्यासमोर आजीचं 'पोटात पाणी' कुणी ठेवलंच नव्हतं. ते शब्द आमच्या बाबांकडे होते.

तिच्यात तो बदल निघाला. आत्याच्या मुलग्यांपैकी एकात तो निघाला नाही, दुसऱ्यात निघाला. मुलं झाली असतील तर बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या बाईनं पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान अंडाशय आणि बीजवाहिन्या काढून घ्याव्यात असं सुचवतात. बीजवाहिन्या अशासाठी, की अंडाशयाचे म्हणून ओळखले जाणारे यातले पुष्कळसे कॅन्सर प्रत्यक्षात त्या नळीच्या झालरीसारख्या टोकाशी सुरू होतात. शस्त्रक्रियेनं तो धोका फार मोठ्या प्रमाणात उतरतो, पण पूर्ण जात नाही. आणि किंमत असते. पाळी एका दिवसात थांबते. झोप उडते, अंगातून वाफा येतात, हाडांकडे लक्ष द्यावं लागतं. आतेबहिणीनं ते केलं. स्तनांचं मात्र तिनं अजून काही ठरवलेलं नाही. दर वर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी करून घेते. तिला कुणीतरी म्हणालं, अर्धंच का केलंस? मला त्या माणसाला सांगावंसं वाटतं, की ते अर्धं नाही. तिला जेवढं आज पेलतं तेवढं तिनं केलं. उद्याचं ती उद्या ठरवेल.

राहिला दादा. त्याला तपासणी करायची नाही. "मला कळून मी काय करणार?" तो म्हणतो. जाणून न घेण्याचाही हक्क असतो, हे मी बाईंकडूनच शिकले आणि मला ते मान्य आहे. पण त्याची मुलगी चोवीस वर्षांची आहे. तिनं तपासणी केली आणि तिच्यात दोष निघाला, तर दादाचं उत्तर त्याला न विचारता लागेल. नैसर्गिक जनुकावर कुणाला पेटंट घेता येणार नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं जून २०१३ मध्ये सांगितलं. बीआरसीए जनुकांवर पेटंट घेतलेल्या कंपनीची मालकी अशी सुटली. पण एकाच घरात हे जनुक कुणाचं, बापाचं की मुलीचं, ते कुठलं न्यायालय सांगणार? माझं मत विचाराल तर दादा चुकतो आहे. त्याची भीती मला दिसते आणि तरीही तो चुकतो आहे. मी ते त्याला एकदा, एकदाच, स्पष्ट सांगितलं. त्याच्या मुलीनं मला आपणहून विचारलं तेव्हा मी तिला ते पत्र दिलं. दादाला तसं सांगूनच दिलं. आमच्यात त्या दिवसापासून थोडा अबोला आहे.

मागच्या महिन्यात बाईंनी कागदाची नवी प्रत काढली, आतेभावंडांचे निकाल घालून. बाबा म्हणाले, मी बघतो. त्यांनी टेबलाशी बसून भिंगातून एकेक चिन्ह तपासलं. आतेबहिणीच्या वयात एक वर्षाची चूक होती, ती दुरुस्त केली. मग पेन मागितलं. आजीच्या बाजूला 'पोटात पाणी, ४४' च्या पुढे अजून ते प्रश्नचिन्ह होतं. त्यांनी 'पोटात पाणी' खोडलं नाही. खाली, त्यांच्या जुन्या वळणदार अक्षरात लिहिलं : अंडाशयाचा कॅन्सर, बहुधा. वर आजीचं पूर्ण नाव लिहिलं, जे मी त्यांच्या अक्षरात कधी पाहिलं नव्हतं.

पेन खाली घसरत दादाच्या चौकोनापाशी आलं आणि थांबलं. "याचं काय लिहायचं?" त्यांनी विचारलं.

"अजून काही नाही," मी म्हणाले.

त्यांनी टोपण लावलं.